फळ्या वाकल्या, चूक कोणाची?

प्रश्न: जुनं झाड पडलं म्हणून सॉ मिलमधून त्याच्या एक इंची फळ्या पाडून आणल्या, टेबल करायचं होतं. आणल्या तेव्हा सरळ होत्या, तीन महिन्यांत पन्हाळीसारख्या वाकल्या, टोकं तडकली. शिवाय अंदाजापेक्षा दोन फळ्या कमीच निघाल्या. मिलवाल्याने फसवलं का?

उत्तर: नाही हो, बिचाऱ्याला सोडा. आधी एक फळी उचला आणि टोकाकडून बघा, वलयांच्या कमानी दिसतील. लाकूड वाळताना वलयाच्या कडेकडेने जितकं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आटतं, म्हणून त्या कमानी सरळ व्हायला बघतात आणि फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. तुमचीही तिकडूनच खोलगट असणार, बघा.

ओंडका एका बाजूने सरळ कापत गेलं की मधल्या एकदोन सोडून बाकी फळ्या अशाच निघतात. आधी चार फाका करून वलयं फळीत उभी येतील असं कापलं तर फळी फार वाकत नाही, पण वेळ जातो, फळ्या अरुंद निघतात, लाकूडही वाया जातं, त्यामुळे न सांगता कोणी तसं कापून देत नाही. आणि अगदी गाभा ज्या फळीत आला ती बहुतेक तडकतेच.

कमी निघालेल्या दोन फळ्यांचा भुसा झाला. गोल करवतीचा एक काप 5 मिमी तरी खातो, दहा कापांत 50 मिमी, म्हणजे इंचाच्या जवळजवळ दोन फळ्या. बँडसॉचं (पट्ट्यासारख्या फिरत्या करवतीचं) पातं पातळ, 2-3 मिमीवर भागतं.

आता खरं विचारायचं तर वाळवल्या कशा? भिंतीला टेकवून उभ्या केल्या असतील तर ती चूक तुमची 🙂 सावलीत, जमिनीपासून उंच, दर दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या घालून थप्पी लावायची, पट्ट्या एकाखाली एक सरळ ओळीत, वर वजन, आणि टोकांना कापल्या दिवशीच मेण नाहीतर ऑइलपेंट, कारण टोकातून ओल फार लवकर निघून जाते. इंचाच्या फळीला उघड्यावर वाळायला ढोबळमानाने वर्ष धरा.

आत्ताच रंधा मारून सपाट करायला जाऊ नका, ओल आहे तोवर परत वाकतील. पूर्ण वाळू द्या, मग उभ्या चिरून तीन-चार इंची पट्ट्या करा, त्या रंधून कडेला कड चिकटवा, टेबल होईल.