एका मतानं किंवा युनियननं सामान्य माणसाला खरंच काही मिळतं का?

मिळतं, पण मत कुठं चालतं ते बघून. सहकारी साखर कारखान्यात शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. म्हणून निवडणूक लागली की पॅनेलवाले बांधावर येतात. ऊसतोड का लांबली, काटा बरोबर आहे का, हे तेव्हाच तोंडावर विचारायचं. कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाचं वेगळं. तिथं दूध घालणाऱ्याला थेट मत नाही, गावच्या दूध संस्थेचा ठराव ज्याच्या नावे तोच मतदार. तेव्हा ठराव कुणाच्या नावानं होतोय तिकडं लक्ष ठेवा, खरी निवडणूक तिथंच होते!

युनियनचं म्हणाल तर इचलकरंजी बघा. यंत्रमागावर मजुरी मीटरमागं. एकट्यानं वाढ मागितली तर मालक दुसरा माणूस बघतो. सगळे माग थांबले की बोलणीला बसतो.