वडिलांची दृष्टी गेली आहे, त्यांच्यासाठी वेगळा फोन घ्यावा लागेल का?

नाही, आहे तोच चालेल. स्क्रीन वाचून दाखवणारी सोय फोनमध्येच असते: अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर २००९पासून व्हॉइसओव्हर. ती सुरू केली की बोटाखाली जे येईल ते फोन बोलून सांगतो. उघडायचं तर दोनदा टॅप. टॉकबॅकमध्ये यादी दोन बोटांनी सरकवावी लागते, त्यामुळे पहिले काही दिवस वडील वैतागतील (तुम्ही जास्तच). बोलण्याचा वेग आधी कमी ठेवा. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून टॉकबॅक चालू-बंद करायचा शॉर्टकटही लावून द्या, नाहीतर अडकाल.

औषधाच्या पाकिटावरची तारीख वगैरे वाचायला ‘बी माय आइज’ हे अ‍ॅप घ्या. व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक बघून सांगतात. विंडोज संगणकासाठी स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए, फुकट आहे.