सोलापुरात राहून जुनी लाकडी ट्रॉलर (मासेमारी बोटीच्या धाटणीची संथ मोटरबोट) घ्यावी का? उजनीत ठेवता येईल का?

उजनीत नको. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (वापरायच्या साठ्याच्याही खाली) जातं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. ३-४ फूट पाण्यात बसणारी बोट काठाशी बांधलेली असेल तर तेव्हा गाळात रुतणार. कोरडी पडली तर मेच्या उन्हात फळ्या आकसून सांधे उघडतात, आणि पुन्हा पाण्यात सोडल्यावर लाकूड फुगेपर्यंत पंप मारत बसावं लागतं. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात नसतो, एवढीच काय ती जमेची बाजू.

कुजण्याच्या बाबतीत मात्र खारं पाणी परवडलं, पावसाचं वाईट. म्हणून घेताना ताज्या रंगावर भुलू नका (विकणारे आधी तोच मारतात). केबिनचे कोपरे, खिडक्यांखालची चौकट, डेकची कड इथं टोच्या दाबून बघा. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर भाव न करता निघा.

रत्नागिरीकडे ठेवणं जास्त शहाणपणाचं, पण पावसाळाभर वर ओढून झाकून ठेवायची आणि एरवी तिथं रोज लक्ष घालणारा माणूस हवा. वेगाची हौस असेल तर ही बोट नव्हेच. ३० फुटीला साधारण ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. त्यापुढे रेटलं तर वेग फारसा वाढत नाही, डिझेल तेवढं जळतं.