खानियाच्या सहलीसाठी कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

ग्रीसच्या क्रीट बेटावरील खानिया या जुन्या बंदराच्या शहरात आणि भोवतालच्या डोंगराळ मुलखात बारा दिवस राहण्याचा आपला विचार आहे. आपण येत्या सप्टेंबरमध्ये निघू इच्छिता. खर्चाचा अंदाज ६ लाख रुपये असून २ लाख हाताशी आहेत, आणि उरलेल्या ४ लाखांसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे, ५ लाखांची मुदत ठेव मोडावी की इक्विटी म्युच्युअल फंडातील युनिट विकावेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपण अवश्य जावे, परंतु पुढच्या मे महिन्यात, आणि कर्ज न काढता.

बँकेने आपल्याला १३ टक्के दराने तीन वर्षांसाठी कर्ज देऊ केले आहे. त्याचा मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये होईल आणि एकूण व्याज ८५ हजारांच्या घरात जाईल. आपल्या निवृत्तीला तीनच वर्षे उरली असल्यामुळे हा हप्ता नेमका शेवटच्या कमावत्या वर्षांतील बचत खाईल. मुदत ठेवीलाही हात लावू नये. घरखर्च दरमहा ६० हजार असताना ती ठेव म्हणजे जेमतेम आठ महिन्यांचा आधार आहे, आणि खासगी नोकरीत या वयात तेवढा आधार मला कमीच वाटतो.

राहिले म्युच्युअल फंड. दरमहा २० हजार शिल्लक पडतात असे आपण लिहिले आहे. ते आवर्ती ठेवीत टाकल्यास आठ महिन्यांत १ लाख ६० हजार जमतील आणि विक्री केवळ २ लाख ४० हजारांची करावी लागेल. आपल्या युनिटच्या मूल्यात सुमारे निम्मा नफा असल्याने भांडवली नफा १ लाख २० हजारांच्या आसपास राहील. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या इक्विटी फंडांवर आर्थिक वर्षात १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही आणि त्यावरील रकमेवर १२.५ टक्के लागतो. म्हणजे त्या वर्षी अन्य विक्री नसेल तर करच भरावा लागणार नाही. हेच ४ लाख एकदम काढले असते, तर एकट्याच्या नावावर उपकरासह ९,७५० रुपये कर बसला असता. पत्नीच्या नावावरील युनिट विकून तो टाळता येईल, असे आपण सुचवले आहे. पण ते युनिट आपण दिलेल्या पैशांतून घेतलेले असतील तर तो नफा आपल्याच उत्पन्नात मिळवला जातो. विक्री मात्र आत्ताच करून रक्कम लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात) ठेवावी, कारण आठ महिन्यांत लागणारा पैसा शेअर बाजाराच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही.

मे महिना सुचवण्याचे कारण केवळ आर्थिक नाही. १६४५ मध्ये उस्मानी (तुर्की) सैन्याने शहर जिंकेपर्यंत येथे व्हेनिसची सत्ता होती. तिच्या काळातील गोद्या आणि धक्क्यामागच्या अरुंद गल्ल्या पायी फिरून पाहायच्या आहेत. समारियाची घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते, आणि सुमारे १६ किलोमीटर उतरून आया रूमेली या किनाऱ्यावरील गावी पोहोचल्यावर रस्ता नसल्याने बोटीनेच परतावे लागते. गुडघ्यांचा विचार करता ती वाट वगळली तरी चालेल. थेरिसोची घळ मोटारीने पाहता येते आणि खानियाजवळच्या अपोकोरोनास भागातील ऑलिव्हच्या बागांनी वेढलेली गावे पाहण्यास तर जवळजवळ काहीच खर्च नाही. आपण पाठवलेल्या सहल कंपनीच्या कार्यक्रमात खानियाला अवघी एक दुपार दिली आहे. बंदरासाठी जाणाऱ्यांनी ते पॅकेज का घ्यावे, हे मला कळत नाही. शिवाय त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) कापला जाईल. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो, तरी तोपर्यंत पैसे अडकतात.

अंदाजपत्रकात दोन बाबी राहिल्या आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ग्रीसमध्ये खोलीमागे प्रतिरात्र हवामान शुल्क द्यावे लागते. २०२५ पासून ते तीन तारांकित हॉटेलात ५ युरो आणि चार तारांकितमध्ये १० युरो आहे. दुसरी बाब युरोच्या दराची: फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून वापरायच्या कार्डावर) तीन-चार टप्प्यांत युरो भरावेत आणि तेथे कार्ड वापरताना यंत्राने रुपयांत रक्कम दाखवली तरी युरोच निवडावा. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून खानियाजवळच्या सूदा बंदराला जाणारी रात्रीची फेरीबोट घेतल्यास एका रात्रीचे हॉटेल वाचते. मात्र ऑर्थोडॉक्स ईस्टर (ग्रीक चर्चचा ईस्टर सण) ४ एप्रिल ते ८ मे यांदरम्यान कधीही येतो आणि त्या आठवड्यात ग्रीक लोक मोठ्या संख्येने गावी जातात, म्हणून तारखा आधी तपासाव्यात.

शेंगेन व्हिसाचे (ग्रीससह बहुतेक युरोपीय देशांसाठीच्या सामायिक व्हिसाचे) ९० युरो शुल्क नकार आला तरी परत मिळत नाही आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. म्हणून अर्जासोबत रद्द करता येणारे हॉटेल आरक्षण जोडावे, आणि परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट पासपोर्टवर व्हिसा उमटल्यानंतरच काढावे.