अमेरिकन शेजारणीला बाळ झालंय, मील ट्रेनमध्ये नाव दिलंय, फ्रीजरमध्ये टिकेल असा बेक्ड पास्ता कसा करून द्यावा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवीन आहात, शेजारच्या बाईंना बाळ झालंय, गल्लीतल्या बायकांनी मिळून मील ट्रेन लावलीये (म्हणजे एकेकीने आपापल्या दिवशी जेवण पोचवायचं), तुम्हाला पुढचा गुरुवार मिळालाय आणि ओव्हनमध्ये आजवर फक्त केक केलाय. मग बेक्ड झिटी करा, डोळे झाकून, म्हणजे नळीच्या पास्त्यात टोमॅटोचा सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या इटालियन-अमेरिकन घरांमधला हा अगदी घरगुती पदार्थ आहे, दुःखाच्या घरीही जातो आणि बाळाच्या घरीही, त्यामुळे त्यांना तो ओळखीचा असणार. आपल्याकडे बाळंतिणीला डबा पोचवतात ना, तीच रीत, फक्त इथे डबा बऱ्याचदा थेट फ्रीजरमध्ये जातो. २०२० मध्ये कोविडच्या काळात इथे लझानिया लव्ह नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात लोक आपल्या घरी लझानिया करून अडचणीतल्या अनोळखी कुटुंबांच्या दारात नेऊन ठेवतात, तोही याच जातीचा पदार्थ, आणि तोच का निवडला असेल ते लगेच कळतं: पोटभरीचा, मुलंही खातात, आधी करून ठेवता येतो.

सगळ्यात आधी त्यांना एक मेसेज टाका आणि विचारा. अंडं, गहू, दूध चालतं का, मांस खातात का, आणि फ्रीजरमध्ये जागा आहे का. दुधाचं मुद्दाम विचारा कारण काही तान्ह्या बाळांना दुधातलं प्रोटीन सोसत नाही, मग डॉक्टर आईलाही दूध-चीज बंद करायला सांगतात, आणि आपला पदार्थ तर चीजनेच भरलेला. ज्यू कुटुंब असेल तर कोशरचं, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमांचं विचारा, कोशरमध्ये मांस आणि चीज एकत्र चालत नाही, आणि काही घरी बाहेरच्या स्वयंपाकघरातलं काहीच चालत नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, फळं द्या. मी स्वतः कोणासाठीही शाकाहारीच करते, सगळ्यांना चालायची शक्यता जास्त. फक्त एखाद्या पक्क्या शाकाहारी मराठी घरी देणार असाल तर पार्मेजानचं लेबल वाचा, खरं इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटने (दूध जमवायला वासराच्या पोटातून काढतात ते) करतात, मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट लिहिलेलं दुसरं चीज मिळतं ते घ्या.

आता भांडं. काचेचं अजिबात नको. एक तर ते परत द्यायची काळजी त्या बिचारीच्या डोक्यावर येते, आणि दुसरं म्हणजे फ्रीजरमधली थंडगार काच गरम ओव्हनमध्ये गेली की तडकू शकते. ८ बाय ८ इंचाचे, २ इंच खोल, झाकणवाले फॉइलचे ट्रे कुठल्याही ग्रोसरीत मिळतात, ते दोन घ्या. सगळे ९ बाय १३ चा मोठा ट्रे भरून देतात पण मला ते पटत नाही, तीन माणसांच्या घरात तो संपत नाही, वितळायला वेळ लागतो आणि फ्रीजरचा अख्खा कप्पा अडतो. दोन छोटे दिले तर एक त्या आठवड्यात खातील आणि दुसरा महिन्याने, जेव्हा मील ट्रेन संपलेली असते आणि खरी तारांबळ तेव्हाच सुरू होते.

दोन ट्रेंना लागणारं सामान असं: १ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम झिटी (नाही मिळाली तर पेने किंवा रिगाटोनी, पण जाड नळीचाच पास्ता हवा, बारीक शेवयांसारखा फ्रीजरमध्ये लगदा होतो), क्रश्ड टोमॅटोचे २८ औंसाचे दोन डबे, एक मोठा कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, पाव कप ऑलिव्ह ऑइल, ओरेगानो, थोडे चिली फ्लेक्स, तुळशीच्या जातीचं ते बेझिल मिळालं तर मूठभर, रिकोटाचा (मऊ ताजं चीज) १५ औंसाचा डबा, एक अंडं, १ पाउंड मोझरेला आणि अर्धा कप किसलेलं पार्मेजान. मोझरेला लो-मॉइश्चर घ्या, पाण्यातले मऊ गोळे मिळतात ते नकोत, फार पाणी सुटतं. शक्यतो घरी किसा, पिशवीतल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट वितळून एकजीव होत नाही.

सॉस तेलात कांदा-लसूण मऊ करून, टोमॅटो घालून वीस-पंचवीस मिनिटं बारीक आचेवर. मीठ चवीला. आंबट लागला तर चिमूटभर साखर घाला, आपण आमटीत गूळ घालतोच की. गरम मसाला वगैरे घालायचा मोह आवरा, तिखट आवडत असेल तर चिली फ्लेक्सची छोटी पुडी वेगळी द्या. आणि सॉस पळीवाढा हवा, घट्ट नाही. ही गोष्ट रेसिपीत सहसा लिहिलेली नसते पण फ्रीजरच्या पास्त्यात सगळं यावरच आहे, कारण पास्ता ट्रेमध्ये बसल्या बसल्या, गोठताना, वितळताना आणि मग ओव्हनमध्ये सॉस पीतच राहतो, आणि लगेच खायच्या हिशोबाने सॉस घातला तर त्यांच्या ताटात कोरडा ठोकळा येतो. घट्ट वाटला तर पास्ता उकडलेलं पाणी कपभर घाला, बघून कसंतरी वाटेल की हे पातळच झालंय, वाटू दे.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पास्ता अर्धवट शिजवायचा. पाकिटावर जितकी मिनिटं लिहिलीयेत त्यातून तीन-चार मिनिटं कमी करा, चावून बघितला की मध्ये कच्चट लागला पाहिजे, आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे. पाणी गाळलं की तेलाचा हात लावून मोठ्या ताटात पसरून टाका म्हणजे स्वतःच्या वाफेने शिजत राहणार नाही. सॉसही कोमट होऊ द्या आणि मगच दोन्ही एकत्र करा, उकळत्या सॉसमध्ये पास्ता टाकला तर तो तिथेच शिजून जातो आणि आधीची सगळी काळजी वाया.

रचायचं कसं, तर दीड कप सॉस बाजूला काढा, बाकीचा पास्त्यात. रिकोटात अंडं, मीठ, मिरपूड आणि निम्मं पार्मेजान फेटून घ्या, अंड्यामुळे वितळल्यावर रिकोटा रवाळ होऊन पाणी सोडत नाही (अंडं चालत नसेल तर दोन-तीन चमचे हेवी क्रीम घाला, थोडा फरक पडतो पण चालतं). ट्रेच्या तळाला सॉस, मग निम्मा पास्ता, त्यावर रिकोटाचे चमचे चमचे, थोडा मोझरेला, उरलेला पास्ता, वर राखलेला सॉस आणि शेवटी उरलेलं सगळं चीज. भाज्या घालायच्या तर पालक चालतो पण फ्रोझन पालक घट्ट पिळून, मश्रूम आणि झुकिनी आधी परतून त्यांचं पाणी आटवून. व्हाइट सॉसचा पास्ता मात्र फ्रीजरसाठी करू नका, वितळल्यावर फुटल्यासारखा दिसतो आणि कोरडा पडतो.

बेक करून द्यायचं की न करता? न करता. आधी बेक करून गोठवला तर त्यांच्या ओव्हनमध्ये तो दुसऱ्यांदा भाजला जातो आणि कडा चामट होतात. कच्चाच गोठवला की त्यांच्या घरी पहिल्यांदा ते चीज फसफसतं आणि घरभर तो वास सुटतो, रात्र-रात्र जागलेल्या माणसाला तेवढंही खूप असतं.

गार करताना ट्रे ओट्यावर दुपारभर ठेवायचा नाही. इथला अन्नसुरक्षेचा नियम आहे की ४० ते १४० डिग्री फॅरनहाइटच्या मध्ये अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, म्हणून कोमट झालं की फ्रीजमध्ये, पूर्ण गार झालं की फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजर शून्य डिग्री फॅरनहाइटला हवा. पास्त्याला अगदी टेकून पार्चमेंट पेपर ठेवा, त्यावर फॉइलचे दोन थर, कडा घट्ट दाबून. तो कागद महत्त्वाचा, टोमॅटोचा आंबटपणा फॉइलला लागत राहिला तर बारीक भोकं पडतात, आणि शिवाय चीज वर चिकटून निघून येत नाही. कागद बेक करताना तसाच राहिला तरी चालतो. प्लास्टिक रॅप मात्र वापरू नका, झोपेत असलेला नवा बाप ते न काढताच ट्रे ओव्हनमध्ये सरकवेल. असा बांधलेला ट्रे दोन-तीन महिने चवीला उत्तम राहतो.

आता चिठ्ठी. गोठवायच्या आधी लिहून चिकटवा, नंतर थंड ओल्या फॉइलवर टेप बसत नाही. त्यांना काहीही शोधायला लागू नये असं लिहा: काय आहे, त्यात गहू-दूध-अंडं आहे, केल्याची तारीख, आणि मग "आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. ३७५ डिग्री, कुकी शीटवर ठेवून, फॉइलसकट ४० मिनिटं, मग फॉइल आणि कागद काढून १५ मिनिटं. थेट फ्रीजरमधून असेल तर फॉइलसकट सव्वा तास, मग उघडून १५ मिनिटं. १० मिनिटं थांबून वाढा." कुकी शीट लिहायला विसरू नका, फॉइलचा भरलेला ट्रे दोन हातांनी उचलला की मध्येच वाकतो आणि गरम सॉस अंगावर. थर्मामीटर असेल तर मधोमध १६५ डिग्री फॅरनहाइट, नसेल तर मधोमध सुरी खुपसून दहा सेकंद धरा, टोक चांगलं गरम लागलं पाहिजे. उरलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, परत गोठवू नका, हेही लिहा.

सोबत सॅलडची धुतलेली पिशवी आणि एक लांब ब्रेड दिलात की जेवण पुरं होतं. बेल वाजवू नका, बाळ झोपलेलं असतं, कूलर बॅग दारात ठेवून मेसेज करा.

तुमचा गुरुवार आहे तर रविवारी करा, आणि जमलं तर दीडपट करून एक छोटा ट्रे घरी ठेवा, तो सोमवारी गोठवून मंगळवार-बुधवारात त्याच चिठ्ठीप्रमाणे भाजून खाऊन बघा. तुमच्या ओव्हनला किती वेळ लागला ते कळेल, मीठ कळेल, आणि चिठ्ठीवरची मिनिटं बदलायची असतील तर गुरुवारच्या आधी बदलता येतील. गुरुवारी त्यांना ट्रे फ्रीजरमध्ये टाकायचाय की त्याच रात्री खायचाय तेही बुधवारी विचारा, खायचा असेल तर एक ट्रे बुधवारी रात्रीच तुमच्या फ्रीजमध्ये उतरवून ठेवा.