केबिनबाहेरचा कॉरिडॉर : क्रूझच्या प्रवाशांचे प्रश्न

बॅलार्ड पिअरवरून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या क्रूझला निघणाऱ्या वाचकांची पत्रं सुट्ट्यांच्या आधी नेहमीच येतात. जेवण, कपडे, खोलीचे दर याबद्दल बहुतेक जण विचारतात. या वेळी केबिनच्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरबद्दलची पत्रं निवडली आहेत. तिथली शिस्त सगळ्यांना पाळायला लावतात, पण ती का, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

प्रश्न : दोन भाऊ, एक बहीण आणि सगळ्यांची मुलं मिळून आम्ही पाच केबिन एकाच रांगेत घेतल्या आहेत. दारं उघडी ठेवून एकमेकांकडे जा-ये करायची, असा बेत होता. पण जाऊन आलेले शेजारी म्हणतात, दार उघडं दिसलं की कर्मचारी येऊन लावून घेतात. दिवसाढवळ्या दार उघडं राहिलं तर बिघडतं काय?
– एक वाचिका, दादर

उत्तर : ताई, कारण आगीचं आहे. जहाजांच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार प्रवासी केबिनचं दार आपोआप बंद होणारंच असावं लागतं आणि ते अडकवून ठेवायला हूकसुद्धा लावता येत नाही. केबिनची भिंत बहुधा दोन पत्र्यांच्या मध्ये खनिज लोकर भरून केलेली असते. अशी भिंत आणि दार यांनी चाचणीत पहिला अर्धा तास ज्वाला पलीकडे जाऊ द्यायची नसते. एवढ्या वेळात जहाजाचं अग्निशमन पथक पोचतं आणि आसपासच्या केबिन रिकाम्या होतात. दाराच्या फटीत चप्पल सारली की हा अर्धा तास हातचा जातो.

आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत दारं सताड उघडी असतात आणि त्यात गैर काही नाही, कारण गॅलरी एका बाजूनं मोकळी असते, धूर वर निघून जातो. जहाजाचा कॉरिडॉर मात्र बुटक्या छताचा बंद बोगदाच आहे. उघड्या दारातून आलेल्या धुराला लांबवर पसरण्यावाचून दुसरी वाट नसते.

दुसरा धोका वाऱ्याचा. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं, की वारा आरपार घुसतो आणि ते जड दार हातातून सुटून आदळतं. लहान मुलांची बोटं अशा वेळी चेंगरू शकतात, कुलपाच्या बाजूला आणि बिजागरीच्या फटीतही. म्हणून आधी बाल्कनीचं दार लावायचं, मगच बाहेरचं उघडायचं. मुलांना हे पहिल्याच दिवशी दोन-तीनदा करून दाखवा.

एकत्र राहायचंच असेल तर बुकिंग करतानाच आतून जोडलेल्या केबिन मागा. मधलं दार उघडता येतं आणि कॉरिडॉरकडचं बंद राहतं. बाल्कन्या शेजारी असतील तर मधला पडदा उघडून मिळेल का, हे केबिनच्या कर्मचाऱ्याला विचारा. बऱ्याच जहाजांवर ते करून देतात. पत्ते आणि गप्पांसाठी वरच्या डेकवर जागा भरपूर असते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. कॉरिडॉरच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर आगीची सूचना देण्याच्या लाल पेट्या असतात. नियमच असा आहे, की कॉरिडॉरमध्ये कुठेही उभं राहिलं तरी पेटी वीस मीटरच्या आत असावी. म्हणजे ती मुलांच्याही हाताशी येते. ती कशासाठी आहे हे त्यांना नीट सांगा. नुसतं ‘हात लावू नका’ म्हटलं तर खरी वेळ आल्यावरही ती लावणार नाहीत.

प्रश्न : रात्री झोपेत असताना कॉरिडॉरमध्ये धूर झाला तर नेमकं काय करायचं? ड्रिलमध्ये, म्हणजे संकटाच्या सरावात, फक्त जमायची जागा दाखवतात, असं ऐकलं आहे. तिथपर्यंत पोचायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनीच विचारावा असा आहे. १९९० साली ऑस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या फेरीबोटीला आग लागली. १५९ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक भाजून नाही, विषारी धुरानं. काहींना धुरात जिना सापडला नाही, काही केबिनमधून बाहेरच पडू शकले नाहीत. आज कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत जी उजळ पट्टी दिसते, तसली व्यवस्था पुढच्या नियमांनी सक्तीची केली. धूर वर साचतो आणि छतावरचे दिवे झाकून टाकतो, म्हणून ही खूण जमिनीपासून तीस सेंटिमीटरच्या आत ठेवलेली असते.

तयारी केबिनमध्ये पाऊल टाकलं त्याच दिवशी करायची. दाराच्या आतल्या बाजूला नकाशा लावलेला असतो. त्यावर तुमची केबिन, दोन्ही बाजूंचे जिने आणि तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, दाखवलेलं असतं. तो वाचून बाहेर या आणि दोन्ही दिशांना जिन्यापर्यंत चालत जाऊन वाटेतली दारं मोजा : उजवीकडे अकरा, डावीकडे सात, असं. एकच बाजू मोजली आणि आग त्याच बाजूला लागली, तर त्या मोजण्याचा उपयोग नाही. लाईफ जॅकेट केबिनमध्ये आहेत की मस्टर स्टेशनवर मिळणार, हेही तेव्हाच बघा. केबिनमध्ये असतील तर माणशी एक मोजून घ्या. लहान मुलांच्या मापाची वेगळी मागावी लागतात.

सामान्य धोक्याचा इशारा म्हणजे सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब. तो ऐकला की उबदार कपडे, बंद बूट, रोजची औषधं आणि केबिनचं कार्ड घ्यायचं. बाकी काही नाही.

दार उघडण्याआधी ते हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. गरम लागलं तर उघडू नका. टॉवेल ओले करून खालच्या फटीत कोंबा, फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावा आणि केबिनचा क्रमांक सांगा. थंड असेल तर खाली वाकून थोडंसं उघडून बघा. बाहेर पडलात तर दार मागे नीट लागलं याची खात्री करा. मग एक हात भिंतीच्या कठड्यावर, नजर खालच्या पट्टीवर, आणि मोजलेली दारं मनात. धूर दाट असेल तर गुडघ्यांवर रांगत चला. स्वच्छ हवा तिथेच उरलेली असते.

इथे हमखास एक घोटाळा होतो. एरवी भिंतीला चुंबकानं धरलेली कॉरिडॉरमधली मोठी अग्निरोधक दारं अशा वेळी आपोआप मिटतात. समोर बंद दार बघून ‘वाट बंद झाली’ असं समजून लोक मागे फिरतात आणि धुरातच शिरतात. ते दार कुलूपबंद नसतं. कोणत्याही बाजूनं एकट्या माणसाला उघडता येईल असंच ते बनवावं लागतं. ढकला, पलीकडे जा, ते मागे पुन्हा मिटेल. ते मिटताना मध्ये बॅग किंवा पाय मात्र घालू नका.

लिफ्ट वापरायची नाही. जिन्यात एका बाजूनं चला, कारण अग्निशमन पथक उलट दिशेनं येत असतं. लाईफ जॅकेटचे पट्टे लोंबू देऊ नका; मागच्याचा पाय त्यात अडकतो. काहीही विसरलं असलं तरी केबिनकडे परत यायचं नाही.

ड्रिलबद्दल थोडं : २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. त्यानंतर २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. ते चुकवून बुफेकडे वळणाऱ्यांना तुम्ही स्वतः टोकलंत तर आम्हाला आनंदच होईल.

प्रश्न : सकाळची पूजा, उदबत्ती आणि दारावर छोटं तोरण, एवढं तरी चालेल ना? आणि ओले कपडे वाळत कुठे घालायचे?
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : उदबत्ती, धूप, निरांजन, मेणबत्ती यांतलं काहीही नाही. केबिनच्या छतावर धूर ओळखणारं यंत्र असतं. उदबत्तीनं ते वाजलं तर पथक खरोखर धावत येतं. पूजा फूल, अक्षता आणि बॅटरीवरच्या छोट्या दिव्यानं करा. इस्त्री, किटली आणि इंडक्शन शेगडी घरीच ठेवा. टर्मिनलवर सामान तपासताना बहुतेक कंपन्या ती काढून ठेवतात.

तोरण आतल्या बाजूला लावा. बाहेरून लावलेला कागद, कापड किंवा वाळकी पानं म्हणजे सुटकेच्या वाटेवर ठेवलेलं सरपण. दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचे हूकही नकोत, त्यांनी दार पूर्ण मिटत नाही. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती लोखंडी असल्यानं चुंबकाचे हूक छान चिकटतात.

कपड्यांसाठी बाथरूममध्ये ओढून लावायची दोरी असते. छतावरच्या पाण्याच्या फवाऱ्याला मात्र हँगर कधीही अडकवू नका. त्यात काचेची छोटी नळी असते. लाल द्रव भरलेली नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुरू होतं. हँगरच्या धक्क्यानंही ती फुटते, आणि मग तुमच्यासकट शेजाऱ्यांचं सामान भिजतं.

प्रश्न : सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. जहाज हलतं तेव्हा त्यांना कॉरिडॉरमधून कसं न्यावं? कठड्याला हजार लोकांचे हात लागतात, म्हणून त्या तो धरायला तयार नाहीत.
– एक वाचिका, मुलुंड

उत्तर : कठडा धरायलाच हवा. त्या वयात पडण्याचा धोका जंतूंपेक्षा मोठा, आणि जंतूंवर तरी उपाय आहे : केबिनमध्ये शिरल्यावर आणि जेवायला बसण्याआधी साबण लावून वीस सेकंद हात धुणं. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही, आणि आपण तर हातानं जेवतो. कॉरिडॉरमध्ये कोणाला उलटी झाली तर टिश्यूनं पुसायला जाऊ नका. कर्मचाऱ्यांना बोलवा, ती जागा खास जंतुनाशकानं साफ करावी लागते. स्वतःला जुलाब झाले तर वैद्यकीय कक्षाला लगेच कळवा. लपवून बुफेत जाणं हा सहप्रवाशांवर अन्याय आहे.

मुंबई बंदर सोडताना समुद्र शांत वाटतो, कारण जहाज अजून आडोशाला असतं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं की मोकळ्या अरबी समुद्राची लाट लागते, आणि दक्षिणेला निघालेल्या जहाजाला ती बाजूनं येऊन डोलवते. म्हणून सासूबाईंना जेवण, स्वच्छतागृह आणि डेकची पहिली ओळख त्याआधीच करून द्या. पायात मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपला हव्यात. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर राहील अशी. बाथरूमच्या आणि डेकच्या दाराला उंबरठा असतो; तिथे थांबून, पाय उचलून टाकायचा. तुम्ही शेजारून न चालता अर्धं पाऊल मागे चाला, म्हणजे समोरून येणाऱ्याला वाट राहते आणि त्यांचा कठडा सुटत नाही. अजून बुकिंग व्हायचं असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन घ्या. तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते.

प्रश्न : वडिलांची व्हीलचेअर रात्री दाराबाहेर घडी करून ठेवता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. धुरात रांगणाऱ्या माणसाला ती आडवी येईल. ती केबिनमध्येच राहायला हवी, आणि म्हणूनच बुकिंगच्या आधी टेप घेऊन खुर्ची मोजा. नेहमीची व्हीलचेअर २४ ते २७ इंच रुंद असते, तर साध्या केबिनचं दार पुष्कळ जहाजांवर दोन फुटांच्या आसपासच असतं. रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात. संकटात वडिलांना जिन्यावरून नेण्यासाठी मदत लागेल, हे चढतानाच लिहून द्या; त्यांच्यासाठी माणसं आधीच नेमली जातात.

प्रश्न : जेवणाचा ट्रे आणि शेवटच्या रात्रीच्या बॅगा बाहेर ठेवायच्या, तर मग तेव्हा वाट अडत नाही का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अडते, म्हणून दोन्हींना नियम आहेत. ट्रे बाहेर न ठेवता फोन करून उचलायला सांगणं सर्वांत चांगलं. जहाजाचा रिवाज बाहेर ठेवण्याचाच असेल तर तो दाराशेजारी, भिंतीला चिकटून, वर रुमाल न टाकता ठेवा. रुमालाखालचा काचेचा ग्लास दिसत नाही.

बॅगांसाठी ठरलेली वेळ कळवतात. तिच्या आधी बाहेर ठेवू नका, आणि नंतर तर मुळीच नको, कारण उचलायला कोणी येणार नाही आणि रात्रभर वाट अडून राहील. बॅग उभी, दाराच्या बिजागरीच्या बाजूला, चाकं भिंतीकडे. कठड्याखालची उजळ पट्टी झाकली जाणार नाही एवढं बघा. दुसऱ्या बॅगेवर बॅग रचू नका. जहाज कललं की वरची सरकते. औषधं, ओळखपत्रं, चार्जर आणि सकाळी घालायचे कपडे-चपला हातातल्या पिशवीत आहेत ना, हे चेन लावण्याआधी तपासा. रात्री उचललेली बॅग मग थेट टर्मिनलच्या हॉलमध्येच हाती येते.