चित्रपटातील साधा प्रश्न मीम कसा होतो?

प्रश्न : आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी चार दिवस गप्प राहिले, की माझी पुतणी ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे स्टिकर टाकते. तिने ‘अशी ही बनवाबनवी’ पाहिलेला नाही. इतक्या संवादांतून हाच एवढा साधा प्रश्न का उचलला गेला?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण ‘एवढा साधा’ असे लिहिले आहे आणि माझ्या मते कारण त्या साधेपणातच आहे. जो संवाद स्वतःतच परिपूर्ण असतो, त्याला आपण दाद देतो, पण तो दुसरीकडे वापरता येत नाही, कारण त्यात आपले काही घालायला जागाच उरलेली नसते. दारात उभे राहून कोणाची चौकशी करणे मात्र प्रत्येकाने केलेले असते. त्यामुळे १९८८ साली पडद्यावर आलेल्या या प्रश्नातील नाव बदलले, तरी वाक्य तसेच ओळखू येते, आणि नाव तसेच ठेवून प्रसंग बदलला, तरी ते चपखल बसते.

‘मीम’ हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली, म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणाऱ्या गोष्टींसाठी घडवला. त्यांच्या उदाहरणांत गाण्याच्या चाली होत्या, तशीच लोकांच्या तोंडी बसलेली वाक्येही होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या आपल्या सांगलीला नाटकातले वाक्य घरी नेऊन बोलण्यात मुरवण्याची सवय नवी नाही. फरक इतकाच, की तोंडी सांगताना नटाचा आवाज आणि आविर्भाव ज्याच्या त्याच्या नकलेच्या कुवतीप्रमाणे उतरत असे; स्टिकरमध्ये तो चेहराच वाक्याबरोबर जातो, म्हणून नक्कल न जमणारा माणूसही ते नेमक्या वेळी वापरू शकतो.

याच वाटेने आपल्या पुतणीपर्यंत तो प्रश्न चित्रपटावाचून पोहोचला. मुळात पत्त्याची चौकशी असलेले वाक्य तिच्याकडे ‘आहात ना?’ अशा आपुलकीच्या हाकेसारखे झाले आहे, आणि हा अर्थ तिने चुकीचा लावला असे मी म्हणणार नाही. तरीही एखाद्या रविवारी तिला चित्रपट जरूर दाखवा. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाची लय स्टिकरमध्ये मावत नाही.